दक्षिण वर, उत्तर खाली

रास अल खैमापासून फुजैराच्या पाठीमागून ओमानकडे गेलेली हजर पर्वताची रांग संगणकाच्या पडद्यावर उघडावी आणि जरा जवळ जावं, तर पुष्कळदा डोंगराच्या जागी दरी दिसू लागते. सोंडा आत खचलेल्या, वाद्या म्हणजे कोरड्या ओढ्यांची पात्रं वर उचललेली. डोळे चोळले तरी चित्र बदलत नाही. इडलीपात्राची रिकामी ताटली उलट्या उजेडात धरली की खळग्यांचे फुगवटे होतात, तसलाच हा प्रकार. जमिनीची छायाचित्रं काढणारे बहुतेक उपग्रह कुठल्याही प्रदेशावरून तिथल्या वेळेप्रमाणे सकाळी दहा-साडेदहाच्या सुमाराला जातात. तेव्हा सूर्य आग्नेयेकडे असतो आणि सावल्या वायव्येला, म्हणजे नकाशात वर आणि डावीकडे पडतात. डोळ्याला मात्र उजेड वरून येतो अशी जन्माची सवय. खालच्या बाजूनं आलेला उजेड तो मान्यच करत नाही. त्यापेक्षा अख्ख्या डोंगराची दरी करून टाकणं त्याला सोपं जातं.

यावर उपाय एकच. नकाशा गर्रकन फिरवायचा, दक्षिण वर, उत्तर खाली. सावल्या खाली उतरतात आणि सगळी रांग एकदम उभी राहते. अल्-इद्रीसीनं ११५४ साली सिसिलीच्या रॉजर राजासाठी जगाचा नकाशा केला, त्यात दक्षिणच वर आहे. अरबी नकाशांत तशी रीत होती. त्यांची कारणं निराळी होती, माझी निराळी. पण शारजाच्या फ्लॅटमध्ये जेवणं उरकल्यावर, बाहेर वातानुकूलन यंत्रांची घरघर चालू असताना, मी नकाशा उलटा करून बसतो तेव्हा या मुलखाच्या जुन्या चालीनंच चाललोय असं समजायला मला आवडतं. बायको मागून जाता जाता विचारते, “आज कुठला डोंगर?” उत्तराची तिला अपेक्षा नसते.

मी उडायच्या जागा शोधतो. हँग ग्लायडर नावाचा, अॅल्युमिनियमच्या नळ्यांवर ताणलेल्या कापडाचा त्रिकोणी पंख असतो. त्याच्या खाली माणूस पोटावर लटकतो आणि कड्यावरून धावत सुटून हवेत जातो. इंजिन नाही. चांगला पंख एक मीटर खाली येईस्तोवर दहा-बारा मीटर, कधी त्याहून जास्त पुढे जातो. बाकी सगळं काम वाऱ्याचं. हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवरून उठणारी लांब पंखांची पांढरी ग्लायडर्स शाळेच्या मैदानावरून बघत मी वाढलो. पुढे कामशेतला पॅराग्लायडिंगच्या शाळा निघाल्या, तेव्हा तिथल्या टेकड्यांवर जाऊन बसायची सवय लागली. पण जीव अडकला तो त्या त्रिकोणी पंखातच. पॅराग्लायडर पाठीवरच्या पिशवीत मावतो, कुठल्याही पायवाटेनं वर जातो. हँग ग्लायडर घडी घातला तरी पाच-सहा मीटर लांब आणि वजनाला तीस किलोच्या आसपास. म्हणजे माथ्यापर्यंत गाडीचा रस्ता पाहिजे. जागा शोधणाऱ्याच्या निम्म्या खुणा या एका अटीनंच खोडल्या जातात.

ज्यांना जागा सापडत नसे त्यांनी काय केलं असेल? ओटो लिलिएंटालनं १८९४ साली बर्लिनजवळ मातीची टेकडीच रचून घेतली, पंधरा मीटर उंच, शंकूसारखी, वारा कुठूनही आला तरी त्याच्याकडे तोंड करून धावता यावं म्हणून. दोन वर्षांनी तो दुसऱ्याच डोंगरावरून उडताना पडला आणि गेला, पण त्याची ती टेकडी अजून उभी आहे. मला त्याच्या पंखांपेक्षा या टेकडीचंच जास्त कौतुक वाटतं. जागा नाही, तर करून घेऊ. अमिरातीत समुद्रात भराव टाकून खजुराच्या झाडाच्या आकाराची बेटं झाली. वाऱ्याकडे तोंड करून एक शंकू उभारणं इथे कुणाला अवघड नाही. अजून कुणाला सुचलेलं मात्र दिसत नाही.

आपल्या हातात आलेली ही नकाशाची दुर्बीण मुळात हेरांची. कीहोल नावाच्या कंपनीनं केलेला हा फिरता पृथ्वीगोल २००४ मध्ये गूगलनं विकत घेतला आणि २००५ च्या जूनमध्ये सगळ्यांना फुकट वाटला. कीहोल हे नाव अमेरिकेच्या हेरगिरी करणाऱ्या उपग्रहांच्या मालिकेवरून घेतलेलं. त्या गोलावरची बरीचशी उंचसखल जमीन २००० सालच्या फेब्रुवारीत एन्डेव्हर यानानं अकरा दिवसांच्या फेऱ्यांत रडारनं मोजलेली आहे. पडद्यावर बोट ठेवलं की खाली कोपऱ्यात समुद्रसपाटीपासूनची उंची येते, दोन टोकं जोडली की मधल्या उताराचा आलेख निघतो. मला याहून जास्त काही नको असतं.

आता जबल हफीत घ्या. अल ऐनच्या दक्षिणेला, वाळवंटात एकटाच उत्तर-दक्षिण पसरलेला चुनखडीचा लांबोडका डोंगर, १२४९ मीटर उंच. माथ्यावर जाणारा रस्ता सुमारे पावणेबारा किलोमीटरचा, साठ वळणांचा. म्हणजे गाडीची अट सुटली. पायथा साधारण तीनशे मीटरवर, तेव्हा मधे नऊशे मीटरचा उतार हाताशी. बाराला एक या हिशेबानं निव्वळ हवेत तरंगत दहा-अकरा किलोमीटर जाता येईल. पायथ्याशी मुबज्जराच्या गरम झऱ्यांजवळ एक हिरवागार तुकडा दिसतो, उतरायला खुणावणारा. जवळ जाऊन पाहिलं की त्या हिरवळीवर चटयांचे आणि शेगड्यांचे ठिपके. सुट्टीच्या दिवशी तिथे सहकुटुंब कबाब भाजत बसलेल्या माणसांत तीस किलोचा पंख उतरवणं हे काही सभ्यपणाचं नाही. थोडं सरकलं की पाच हजार वर्षांपूर्वीच्या थडग्यांची दगडी घुमटं, म्हणजे तीही जागा बाद. आणि समुद्र शंभर किलोमीटरहून लांब, त्यामुळे दुपारचा समुद्रवारा इथे पोचेस्तोवर दिवस कलतो. उंची आहे, रस्ता आहे, उतार आहे. वाऱ्याबद्दल नकाशा गप्प.

कारण नकाशात वारा नसतो. उंची मोजता येते, सावलीवरून झाडाचा अंदाज येतो, पण जी गोष्ट आपल्याला वर धरून ठेवणार ती चित्रात उमटत नाही. सह्याद्रीत तर फारच पंचाईत. नाणेघाटात पावसाळ्यात दरीत पडणारं पाणी वाऱ्यानं उलटं वर फेकलं जातं. आंबोलीला कावळेसादवर माणसं खाली टोप्या टाकतात आणि त्या परत येतात. पश्चिमेचा वारा कड्यावर आपटून वर चढतो, त्याचा याहून ढळढळीत पुरावा काय असणार? ग्लायडरवाला आयुष्यभर शोधतो ती हीच चढती हवा. पण उपग्रहाच्या नकाशासाठी ढग नसलेली चित्रं निवडलेली असतात, म्हणून त्या नकाशात सह्याद्रीवर कधीच आषाढ येत नाही. बारमाही पिवळं गवत, कोरडे ओढे. ज्या चार महिन्यांत वारा पाण्यावर आपली सही करतो, नेमके तेच चार महिने तिथून कापून टाकलेले.

वाळवंटात मात्र वारा लिहून ठेवतो, आणि लिहिलेलं पुसत नाही. लिवाच्या दक्षिणेला रुब अल खालीची कड लागते तिथलं कुठलंही चित्र उघडा. वाळूच्या प्रत्येक टेकडीला दोन बाजू असतात. वारा ज्या अंगानं येतो ते अंग लांबलचक, दहा-पंधरा अंशांचं, बसकं. माथ्याशी आलेली वाळू पलीकडे ओघळते ते अंग उभं, बत्तीस ते चौतीस अंशांचं. कोरडी वाळू त्याहून उभी राहूच शकत नाही. मधे माथ्याची रेघ सुरीच्या पात्यासारखी स्पष्ट. म्हणजे उभं अंग जिकडे पाहतं, तिकडे वारा जातो. इथला मुख्य वारा शमाल, वायव्येचा. म्हणून लिवाकडच्या मोठ्या टेकड्यांची उभी तोंडं बहुधा दक्षिणेच्या बाजूला वळलेली. हवामान खात्याची वही उघडायला नको, शेकडो वर्षांच्या वाऱ्याचा सरासरी निकाल पडद्यावर मांडलेला आहे.

आणि इथेच गंमत होते. तीस-चौतीस अंश हा धावत सुटायला झकास उतार. स्वच्छ, दगड नाही, झुडूप नाही, पडलो तरी वाळूत. लिवाची तल मोरीब ही टेकडी तर तीनशे मीटरच्या आसपास उंच. हिवाळ्यात तिच्या उभ्या अंगावर गाड्या चढवण्याच्या शर्यती भरतात, इंजिनं किंचाळतात, आणि लोक खुर्च्या टाकून ते बघतात. उडणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटेल असा उतार, पण तो वाऱ्याच्या पाठीकडचा. तिथे हवा माथ्यावरून खाली कोसळते आणि गोल गोल फिरते. त्या भोवऱ्यात पंख शिरला तर तो उडत नाही, आपटतो. ज्या वाऱ्यानं तो सुरेख उतार घडवला, त्याच वाऱ्यात त्यावरून उडायचं नाही. मग उरतो उलटा वारा. हिवाळ्यात रात्रभर जमीन गार होते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे, आग्नेयेच्या बाजूनं मंद झुळूक सुटते. तेवढा तासभर टेकडी आपलं तोंड वाऱ्याकडे करते. पण ती झुळूक पंख उचलण्याइतकी जोरकस असेलच असं नाही, बहुतेकदा नसतेच. आणि टेकड्यांमधल्या करड्या सपाट सबखा उतरायला क्रिकेटच्या मैदानासारख्या वाटतात, पण वरची मिठाची खपली फुटली की खाली ओला चिखल. चारचाकी गाड्या दांड्यापर्यंत रुततात.

म्हणून मी वाळू सोडून पुन्हा दगडाकडे येतो. हजर पर्वताची पश्चिमेची भिंत आखाताकडे तोंड करून उभी आहे, जशी सह्याद्रीची अरबी समुद्राकडे. दुपारी किनाऱ्याची जमीन तापली की वायव्येचा समुद्रवारा आत सरकत जातो आणि संध्याकाळच्या आधी या भिंतीला लागतो. सह्याद्रीशी हे साम्य मनात बसलं आणि मग शोध नीट मार्गाला लागला. मलीहाजवळ जबल फाया नावाची चुनखडीची एक कण्यासारखी सोंड वाळूतून वर आली आहे, साधारण उत्तर-दक्षिण. कागदावर तर दृष्ट लागावी अशी जागा. पण तिच्या पोटात माणसानं सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी घडवलेली दगडी हत्यारं सापडली, आणि २०२५ मध्ये युनेस्कोनं तिला जागतिक वारशात घेतलं. तिथे पंख घेऊन धावायला जाणं बरं दिसत नाही. ती खूण मी पुसली, जरा हळहळत.

अशा खुणांची माझ्याकडे एक जंत्री आहे. तांबडी म्हणजे बाद, पिवळी म्हणजे जाऊन बघायची, हिरव्या फार थोड्या. तांबड्या होण्याची कारणं वाचली तर या देशाची बरीच ओळख होते. एक जागा विजेच्या तारांनी गेली. तार आकाशातून दिसत नाही, खांबही फिकट जमिनीत हरवतो. पण त्याची सावली पडते, जाळीदार, लांब, सारख्या अंतरावर ओळीनं. उंटाचंही तेच. उंट वाळूच्याच रंगाचा, वरून नुसता एक पुसट ठिपका. उंट म्हणून ओळखू येते ती त्याची सावली, मानेसकट. २०१८ साली अमिरातीच्या अभियंत्यांनी स्वतः घडवलेला खलिफासॅट वर गेला, तो सत्तर सेंटिमीटरपर्यंतचा तपशील टिपतो. तरीही उतरायच्या जागेवर काय चरतंय हे शेवटी सावलीच सांगते.

दुसऱ्या एका जागेवर वस्ती आली. नकाशात जुन्या सालांची चित्रं मागे सरकवत बघता येतात. मागे नुसती खडी, मग घरांशिवायच्या रस्त्यांची चौकट, मग घरं. याच सरकपट्टीवर उम्म अल कुवैनच्या बंद धावपट्टीशेजारी वीसेक वर्षं उभं राहून २०२२ मध्ये तोडलेलं इल्युशिन-७६ विमान अजून शाबूत आहे. अबू धाबीजवळच्या फुतैसी बेटावर एका शेखानं किलोमीटरभर उंचीच्या अक्षरांत आपलं नाव वाळूत कोरून घेतलं होतं, भरतीचं पाणी आत येईल इतकं खोल. तेही पुसलं गेलं, पण जुन्या चित्रात वाचता येतं. आकाशातून कुणीतरी बघतंय, हे त्याला आपल्या आधी कळलेलं दिसतं.

काही जागा सरहद्दीनं गेल्या. ओमानचं मदहा हे गाव चहूबाजूंनी अमिरातीनं वेढलेलं, आणि त्या मदहाच्या पोटात पुन्हा नहवा, शारजाचं. चढत्या हवेत अर्धा तास गेला तर दोन-तीनदा देश बदलेल. पडद्यावरच्या त्या वेड्यावाकड्या रेघा उपग्रहानं काढलेल्या नाहीत. १९५० च्या दशकात जूलियन वॉकर हा ब्रिटिश अधिकारी या डोंगरांत वस्त्या-वस्त्यांवरून फिरला. तुम्ही कुठल्या शेखाचे, ही विहीर कुणाची, असं विचारत तो नोंदी करत गेला आणि त्या उत्तरांतून रेघ उमटली. नकाशा करायची ही पद्धत मला उपग्रहाच्या पद्धतीपेक्षा काही कमी काटेकोर वाटत नाही.

राहिलं आकाश. जमिनीच्या चित्रात आकाशातल्या हद्दी येत नाहीत, आणि इथे त्या दाट आहेत. दुबईच्या विमानतळाचा पसाराच केवढा. २०२२ च्या जानेवारीत अबू धाबीवर ड्रोनचा हल्ला झाला आणि गृह मंत्रालयानं ड्रोन आणि हलक्या क्रीडा-विमानांची हौशी उड्डाणं थांबवली. त्या दिवसांत मी नकाशा मात्र रोज उघडत होतो. परवानगीशिवाय इथे काही हवेत न्यायचं नसतं, हे पक्कं डोक्यात आहे; पण बघायला परवानगी लागत नाही. पंख कामशेतकडच्या एका मित्राच्या पडवीत आढ्याला टांगलेला आहे. त्या मित्राला मी अधूनमधून जागांची चित्रं पाठवतो. तो एकच प्रश्न विचारतो, “तिथलं कुणी काय म्हणतं?”

म्हणून एका थंडीतल्या शनिवारी पिवळ्या खुणांपैकी एकीच्या पायथ्याशी गेलो. जागेचं नाव सांगणार नाही. हजरच्या पश्चिमेला खडीचं माळरान आहे, तिथली एक सोंड एवढंच पुरे. पडद्यावर तीस अंशांचा गुळगुळीत उतार होता. प्रत्यक्षात तो पायऱ्या-पायऱ्यांचा निघाला, एकेक पायरी पुरुषभर उंच. रडारनं तीस-तीस मीटरवर एक उंची मोजली, मधलं सगळं गणितानं सपाट केलं. तरी माथा मोकळा होता, आणि वर जाणारा टॉवरचा कच्चा रस्ता खरा होता.

पायथ्याशी उंटांचा गोठा. राखणदार पाकिस्तानातल्या रहीम यार खानकडचा, पांढऱ्या दाढीचा, पायात रबरी चपला. त्यानं कागदी कपात दुधाळ चहा दिला. मी त्याला चाचा म्हणालो आणि वाऱ्याचं विचारलं. चाचांनी गोठ्याकडे हात केला. पत्र्याची भिंत वायव्येच्या बाजूनं उभारलेली, तीही नुसती अर्धी नाही, पार वरपर्यंत. तळाशी वाळूचा ढीग साचलेला. गवताच्या पेंढ्या मात्र दुसऱ्या अंगाला रचलेल्या.

“सुबह कुछ नहीं,” चाचा म्हणाले. “जुहर के बाद उधर से आता है. असर तक पूरा जोर. धूल सीधी पहाड़ पे चढ़ती है, ऊपर तक.” आणि त्यांनी हाताचा पंजा आडवा धरून सोंडेच्या अंगानं वर नेला, थेट माथ्यापर्यंत.

एवढी नेमकी नोंद मला कुठल्याच पडद्यावर मिळाली नव्हती. मी भान हरपून फोन काढला, सोंड दाखवली, वर टॉवर, खाली खडीवर मी लावलेली उतरायची खूण. नकाशा अर्थातच उलटा होता. त्यांनी फोन हातात घेतला, थोडा वेळ निरखला, मग फिरवून आपल्याला सोयीचा करून घेतला.

“ऊपर से कूदोगे?”

“कूदूंगा नहीं चाचा, उड़ूंगा. इजाजत मिली तो.”

“और उतरोगे यहाँ?”

“हां.”

“यहाँ नहीं. शाम को इधर ऊँटनियाँ आती हैं, बच्चे साथ होते हैं. तुम्हारा कपड़ा देखके भागेंगी, तो रात भर मैं ढूँढूँगा.” त्यांनी माझी उतरायची खूण अंगठ्यानं दाबून धरली आणि कुंपणापलीकडे, दोन गाफच्या झाडांच्या पुढच्या मोकळ्या पट्ट्यावर नेऊन सोडली. मग फोन परत देत म्हणाले, “और आने से पहले फोन कर देना.”